सलमान भारी की मुळशी?

परवाच्या रविवारची गोष्ट. जेवणं उरकून मी ओट्यावरची आवराआवर करत होते. बाहेरच्या खोलीत टीव्हीवर 'अंतिम' लागला होता. पाचच मिनिटांत बाहेर अशी जुंपली की मी हातातला डबा तसाच ठेवून पळाले. मला वाटलं, पोरं हातघाईवर आली!

"ओरिजिनल ते ओरिजिनल! 'मुळशी पॅटर्न'च्या नखाची सर नाही याला," हा माझा भाचा. पिरंगुटला कंपनीत लागलाय.

"दादा, सलमानची एंट्री तर बघ! तुझ्या पिक्चरमध्ये आहे का असला पोलीस?" हा माझा धाकटा, यंदा बारावीला.

लहानपणी हीच पोरं स्पायडरमॅनचे टी-शर्ट घालून गोठ्याच्या पत्र्यावरून उड्या मारायची. आता मिसरूड फुटली आणि सुपरहिरो बदलला. पण भांडण तेच. खरा हिरो कोण, आणि त्याचा पिक्चर कुणी बिघडवला?

ज्या मैत्रिणींनी हे सिनेमे पाहिले नसतील त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. 'मुळशी पॅटर्न' आला नोव्हेंबर २०१८ मध्ये. लिहिला आणि दिग्दर्शित केला आमच्या मुळशीच्याच प्रवीण तरडेंनी. जमीन विकून बसलेला बाप मोहन जोशींनी रंगवला, गुन्हेगारीत शिरणारा त्याचा मुलगा राहुल ओम भूतकरने. बरोबर तीन वर्षांनी, नोव्हेंबर २०२१ मध्ये महेश मांजरेकरांनी त्यावरून हिंदीत 'अंतिम' केला. त्यात राहुल झाला आयुष शर्मा आणि त्याच्या मागावरचा शीख इन्स्पेक्टर झाला सलमान खान. गंमत म्हणजे मराठीत जो उपेंद्र लिमये पोलीस होता, तोच हिंदीत गुंड नन्याभाई! आणि मराठीतला नन्याभाई होते खुद्द तरडे.

आता वादाचं बघू. मी दोन्ही सिनेमे पाहिलेत, तेव्हा मलाही बोलायचा हक्क आहे की!

भाच्याचं म्हणणं मला पटतं. मराठी सिनेमात आमची भाषा आहे, आमची शिवी आहे, मार्केट यार्डातली हमाली आहे. ज्या जमिनीचा मालक होता तिथेच राखणदार म्हणून उभा राहणारा बाप पाहिला आणि थेटरात माझ्या शेजारच्या बाईने पदर डोळ्याला लावला. तिला कुणी गोष्ट समजावून सांगायची गरज नव्हती. असे बाप आमच्याकडे वाडीवाडीला आहेत. हिंदीत तेवढं दुःख येत नाही. सलमान पडद्यावर आला की त्याच्यासाठी जागा करावी लागते, आणि मग जमीन मागे सरकते. इतकंच काय, सिनेमाच्या नावातूनही मुळशी गेली! आधी जमीन गेली, मग नावही गेलं.

पण माझ्या धाकट्याचंही अगदीच चूक नाही. मराठी सिनेमाच्या वेळी काय झालं, आठवतंय ना? सिनेमा सांगत होता, पोरांनो या वाटेला जाऊ नका. आणि पोरं काय घेऊन बाहेर आली? गॉगल, गाडी आणि 'खतरनाक'वरचा नाच! कित्येकांच्या मोबाइलवर राहुलचा फोटो. हिंदीत निदान पोलिसाचं पारडं जड ठेवलंय. शिवाय हिंदीतली मंदा मला आवडली. चहा विकणारी पोरगी, पण गुंडाच्या पैशाला भुलत नाही. हे काही मी जगू शकत नाही, असं त्याच्या तोंडावर सांगते. मराठीतली नायिका मात्र मला आज आठवतही नाही, खरं सांगते. आणि मुळशी कुठेय हे ज्यांना ठाऊक नव्हतं, त्यांच्यापर्यंत ही गोष्ट सलमानमुळेच पोचली, हेही मान्य करायला हवं.

मी असा निवाडा देत होते, तेवढ्यात कोपऱ्यात वाती वळत बसलेल्या सासूबाई बोलल्या. "दोन्हीत त्या बापानं जिमीन इकली, व्हय? मंग आईला इचारलं का कुनी?"

पोरं गप्प. मीही गप्पच.

कारण आमच्या घरची गोष्ट काही वेगळी नाही. सासरे गेले तेव्हा वारस म्हणून सातबाऱ्यावर सासूबाईंचं, दोन्ही भावांचं आणि नणंदेचं नाव लागलं. २००७ मध्ये रस्त्याकडेचं वावर विकायचं ठरलं. आयटी पार्क हिंजवडीला आलं, हिंजवडी आमच्याच तालुक्यात, त्यामुळे भाव चढलेले. नणंदेला बोलावून घेतलं. साडी-चोळी झाली, पुरणपोळी झाली आणि हक्कसोडपत्रावर सही झाली. सासूबाईंनी अंगठा दिला. कागदात काय लिहिलंय, ते दोघींनाही कुणी वाचून दाखवलं नाही. मी तर चहा करत होते! पैसा आला. त्यातून गाडी आली, घराला स्लॅब पडला, एक लग्न दणक्यात झालं. पाच वर्षांत सगळं संपलं. आज माझे दीर एका सोसायटीच्या गेटवर रात्रपाळी करतात. ही सोसायटी आमच्या वावरात नाही, शेजारच्यांच्या वावरात आहे, एवढाच काय तो फरक.

आणि ज्या भाच्याने 'मुळशी पॅटर्न'साठी एवढा गळा काढला, तो त्याच नणंदेचा मुलगा. तो हळूच म्हणाला, "मामी, आईने सही का केली गं?" काय सांगणार त्याला? सही नाही केली तर माहेर तुटतं, ही भीती तुम्हा-आम्हाला ठाऊक आहे. पोरांना कोण सांगणार?

मैत्रिणींनो, जमीन जाणं मुळशीला नवं नाही. टाटांच्या धरणात इथली भातखाचरं आणि घरं जाणार म्हणून १९२१ मध्ये सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह झाला. त्यात इथल्या बायाही होत्या. धरण व्हायचं ते झालंच. पण तेव्हा जमीन जबरदस्तीने गेली. आमच्या वेळी ती सही करून गेली. म्हणून मला वाटतं, या दोन्ही सिनेमांची खरी उणीव सलमान असण्यात किंवा नसण्यात नाही. दोन्हीत जमीन बापाची, सूड पोराचा, न्याय पोलिसाचा. घरातल्या बाईच्या वाट्याला फक्त काळजी. जमीन विकण्याआधी तिचं मत विचारलं असतं तर काय झालं असतं, हा प्रश्न ना मराठीला पडला ना हिंदीला. बाई म्हणजे शहाणीच असते असं नाही. पण चार डोकी विचार करणार असतील तर एका बैठकीत वावर विकलं जात नाही, एवढं मात्र खरं.

कायदा आपल्या बाजूने आहे, तो माहीत तर करून घेऊ. हिंदू वारसा कायद्यात मुलगी जन्मापासून वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतकीच वाटेकरी आहे. महाराष्ट्राने हा बदल १९९४ मध्येच केला, पण तेव्हा लग्न होऊन गेलेल्या मुली त्यातून वगळल्या गेल्या. ९ सप्टेंबर २००५ पासून देशभर सुधारित कायदा आला आणि तो भेदही गेला. २००५ साली वडील हयात असायला हवेत अशी अट नाही, असा निकाल सुप्रीम कोर्टाने ११ ऑगस्ट २०२० रोजी दिला. मात्र २० डिसेंबर २००४ आधी रीतसर झालेल्या वाटण्या आणि विक्री यामुळे उलटत नाहीत. आणि रजिस्टर झालेलं हक्कसोडपत्र नंतर रद्द करून घेणं फार अवघड. म्हणून विचार सहीच्या आधी करायचा, नंतर नाही.

सुनेचं काय? नवरा हयात असताना त्याच्या जमिनीवर बायकोचं नाव आपोआप लागत नाही. नवऱ्याने स्वखुशीने लावलं तर लागतं. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने चांदवडला १९८६ मध्ये बायकांचं मोठं अधिवेशन भरवलं, आणि पुढे 'लक्ष्मीमुक्ती'च्या मोहिमेत गावोगावच्या शेतकऱ्यांनी आपणहून बायकोच्या नावे जमीन केली. म्हणजे मनात आणलं तर पुरुषांनाही हे जमतं!

त्या संध्याकाळी सिनेमा संपला. कोण जिंकलं ते ठरलंच नाही. भाच्याने मोबाइलवर महाभूलेख उघडलं आणि आमच्या डोंगराकडच्या उरलेल्या तुकड्याचा सातबारा काढला. नावं मोठ्याने वाचली. सासूबाईंचं नाव ऐकून त्या म्हणाल्या, "अजून हाय का माझं नाव? मंग मला इचारल्याबिगर न्हाय इकायचं."

माझे यजमान पेपरात डोकं घालून बसले होते. त्यांनी ते वर काढलं नाही, पण ऐकलं, हे मला कळलं.

तुम्हीही एकदा आपला सातबारा उघडून बघा. माहेरचाही आणि सासरचाही. पोरांना सलमान आवडो नाहीतर राहुल, आपण आपलं नाव शोधावं.