सरकारी विमान कोणाच्या कामासाठी उतरले?

लहान शहराच्या विमानतळावर सरकारी विमान उतरले की ते लपून रहात नाही. दिवसाकाठी एक-दोन प्रवासी विमाने येणाऱ्या ठिकाणी तिसरे विमान दिसताच रिक्षावाल्यांपासून पत्रकारांपर्यंत सर्वांना कळते. विमानावर व्हीटी या अक्षरांनी सुरू होणारी नोंदणी असते, आणि ती अक्षरे वाचता आली की मालक कोण हेही शोधता येते. आज तर कुंपणाबाहेर उभा असलेला कॉलेजचा मुलगा मोबाईलवर पाहून ते कुठून निघाले हे पुष्कळदा सांगू शकतो. त्याला सांगता येत नाही ते एवढेच, की आत कोण होते आणि ते कोणत्या सरकारी कामासाठी आले. माझे म्हणणे असे की हीच गोष्ट त्याला, न मागता, चोवीस तासांच्या आत कळली पाहिजे.

विमानाचा खर्च म्हणजे इंधन आणि वैमानिकांचे पगार, असे आपण समजतो. जिल्ह्याला तो वेगळ्या नाण्यात मोजावा लागतो. जिथे नियमित विमानसेवा नाही, नुसती धावपट्टी आहे, तिथे आदल्या दिवशी झाडलोट होते, गुरे हाकलायला माणसे उभी रहातात. नगरपालिकेचा अग्निशमन बंब तिथे जातो. जिल्हा रुग्णालयाची रुग्णवाहिका आणि एक डॉक्टर तिथे जातात. कलेक्टर आणि पोलीस अधीक्षक दोघेही तिथे. विमान दोन तास उशिरा आले तर ही सर्व मंडळी दोन तास आभाळाकडे पहात बसतात, आणि कलेक्टर कचेरीत तारखेसाठी तालुक्याहून आलेला शेतकरी पुढची तारीख घेऊन परत जातो. हा खर्च कुठल्याही लेखाशीर्षाखाली दिसत नाही.

काम खरोखरच सरकारी असेल, पूर आला असेल, दंगल झाली असेल, तर यातील एका मिनिटाबद्दलही कुरकुर करण्याचे कारण नाही. किंबहुना विमान त्यासाठीच आहे. पण प्रशासनातील प्रत्येकाला ठाऊक असलेला एक प्रकार आहे. दौऱ्याचे मूळ प्रयोजन पक्षाचा मेळावा किंवा एखाद्या कार्यकर्त्याकडचे लग्न. मग दौरा "शासकीय" व्हावा म्हणून वीस मिनिटांची आढावा बैठक जोडायची. मी अशा बैठकांना बसलो आहे. चहा येईपर्यंत पाणीटंचाईचा विषय संपतो आणि चहा संपेपर्यंत बैठक. एकदा मी इतिवृत्तात सुरुवातीची आणि शेवटची वेळ लिहिली, तर "वेळ लिहिण्याची पद्धत नाही" असा शेरा मारून मसुदा परत आला. वेळ लिहिली की सगळेच लिहिल्यासारखे होते, हे शेरा मारणाऱ्याला नीट कळले होते!

निवडणूक जाहीर झाली की आदर्श आचारसंहितेनुसार सत्ताधारी पक्षाच्या हितासाठी सरकारी विमान वापरण्यास मनाई आहे. म्हणजे पक्षाचे काम आणि सरकारचे काम वेगळे ओळखता येते, हे आपल्या व्यवस्थेला मान्य आहे. मग उरलेल्या साडेचार वर्षांत ते ओळखता येऊ नये, असा कोणता चमत्कार घडतो?

बडोदे, इंदूर, ग्वाल्हेर येथील मराठी वाचकांनी आपापल्या राज्याकडे पहावे. गुजरातने २०१९ मध्ये सुमारे १९१ कोटी रुपयांना चॅलेंजर ६५० हे जेट घेतले. मध्य प्रदेश मंत्रिमंडळाने २०२४ मध्ये चॅलेंजर ३५०० च्या खरेदीला मंजुरी दिली. जुनी पंख्याची किंग एअर विमाने जिल्ह्याच्या आखूड धावपट्टीवर उतरू शकतात. जेटला सामान्यतः अधिक लांब आणि चांगली धावपट्टी लागते. विमानाची निवडच सांगते की शासनाला कुठे वारंवार जायचे आहे. पण तेही अनुमानच, कारण फेऱ्यांची यादी आपल्यासमोर नाही.

यादी नसली की विमान ही मर्जीची वस्तू होते. फेब्रुवारी २०२१ मध्ये महाराष्ट्राचे तत्कालीन राज्यपाल मसुरीच्या प्रशासन अकादमीतील कार्यक्रमासाठी मुंबईत सरकारी विमानात जाऊन बसले आणि परवानगी नसल्याने त्यांना उतरून प्रवासी विमानाने जावे लागले. चूक कोणाची यावर भरपूर वाद झाला. विमान कोणाला, कोणत्या कामासाठी, कोणत्या लेखी नियमाने मिळते, यावर फारसा झाला नाही.

आणि त्याच वर्षी ६ मे रोजी ग्वाल्हेरला काय झाले? मध्य प्रदेश सरकारचे किंग एअर विमान रेमडेसिविरची खोकी घेऊन उतरतांना धावपट्टीवरच्या अडथळा-जाळीला धडकले. माणसे वाचली, विमान निकामी झाले. सरकारी विमानाचा याहून योग्य उपयोग मला सुचत नाही. तरी पुढे वैमानिकाला सुमारे ८५ कोटी रुपयांच्या वसुलीची नोटीस गेली. जाळी उभी असल्याचे आपल्याला सांगितले गेले नाही, असे त्याचे म्हणणे होते. विमा नसलेले विमान उडू कसे दिले, हा त्याचा प्रतिप्रश्न होता. पक्षाच्या मेळाव्याला नेलेल्या फेरीबद्दल कोणा मंत्र्याला अशी नोटीस गेल्याचे माझ्या ऐकिवात नाही.

सुरक्षेचे कारण पुढे येईल. उड्डाणापूर्वी ते मला पूर्ण मान्य आहे. पण विमान परत आपल्या हँगरमध्ये गेल्यावर, काल आत कोण बसले होते हे सांगण्याने कोणाच्या जिवाला धोका होतो? प्रधानमंत्र्यांच्या परदेश दौऱ्यांची यादी विमानाच्या खर्चासह संकेतस्थळावर येत आली आहे. माहिती अधिकार कायद्याचे कलम ४ तर २००५ पासून सांगते की माहिती आपण होऊन द्यावी, अर्जाची वाट पाहू नये. तारीख, कुठून कुठे, प्रवाशांची नावे, कामाचे स्वरूप, जमिनीवर थांबलेला वेळ, खर्च. सहा रकाने, कलेक्टर कचेरीच्या फलकावर एक कागद. त्यासाठी नवा विभाग नको की नवे पद नको. एक सही पुरते, आणि ती सही प्रयोजन ठरवणाऱ्याची असावी, कलेक्टरची नव्हे.