लेक एम.लिब. होईल, पण गावच्या वाचनालयात तिला जागा आहे का?

मंडळी, आमच्या भावकीतल्या एका लेकीनं यंदा पुण्यात एम.लिब.ला प्रवेश घेतलाय. म्हणजे ग्रंथालय आणि माहितीशास्त्रातलं पदव्युत्तर शिक्षण. भांडगावातून रोज जाऊन-येऊन करतेय. हे कळल्यावर पारावर पहिला प्रश्न आला, "आता सगळं मोबाईलवर मिळतंय, मग पुस्तकं सांभाळायला एवढं शिकायचं कशाला?"

माझं उत्तर सरळ आहे. मोबाईलवर ढीग आहे, पण ढिगातून नेमकं आणि खरं काढणं हे शिकायलाच लागतं. एआयला पुस्तकांची यादी मागा. कधी कधी अस्तित्वातच नसलेलं पुस्तक, लेखकाच्या नावासकट ठोकून देतं. ते तपासणारं माणूस लागतंच. पुढच्या काळातला ग्रंथपाल हेच काम करणार आहे.

दुसरा गैरसमज असा, की नवं तंत्रज्ञान म्हणजे लाखोंचा खर्च. मोठ्या विद्यापीठात आरएफआयडीची गेट असतील, गावाला त्याची गरज नाही. 'कोहा' नावाचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं. न्यूझीलंडमधल्या एका छोट्या ग्रामीण ग्रंथालय संस्थेनं ते करून घेतलं, कारण त्यांची जुनी संगणक प्रणाली २००० साल उजाडल्यावर चालणार नव्हती. जानेवारी २००० मध्ये ते सुरू झालं आणि त्यांनी ते जगाला मोफत दिलं. माओरी भाषेत कोहा म्हणजे भेट. खेड्याची गरज होती, म्हणून ते जन्माला आलं!

आपल्याकडं खरी अडचण यादीची आहे. बऱ्याच ठिकाणी ती अजून रजिस्टरमध्ये आहे. काहींनी जुन्या फॉन्टमध्ये टाईप करून ठेवलीय. आम्ही बातम्या टाईप करणारे हे दुखणं ओळखून आहोत. फॉन्ट बदलला की अक्षरांची खिचडी होते आणि शोधलं तर काही सापडत नाही. तीच यादी युनिकोड मराठीत केली, की कोणतं पुस्तक कुठं आहे हे घरबसल्या दिसेल. दोन हजार पुस्तकं असतील आणि रोज चाळीस नोंदी केल्या, तर पन्नास दिवसांचं काम आहे.

पण हे करणार कोण? खरं दुखणं इथं आहे. १९६७ च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय कायद्याखाली वाचनालयांचे अ, ब, क, ड असे वर्ग पडतात आणि त्यावर अनुदान ठरतं. २०२२ मध्ये त्यात ६० टक्के वाढ झाली, तरी ड वर्गाला तेव्हा वर्षाचे ४८ हजारच ठरले. त्यातले निम्मे पगारावर धरले तर महिन्याला दोन हजार. शेतमजुराची आठवड्याची मजुरीसुद्धा जवळपास तेवढी होते. एवढ्यावर पदव्युत्तर झालेली पोर गावात का थांबेल?

"पोरींना यंत्रातलं काय कळतं" म्हणणाऱ्यांनी शेजारचं केडगाव आठवावं. पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये शंभर वर्षांपूर्वी बायका-मुली छापखान्यात खिळे जुळवत होत्या. त्या काळचं ते नवं तंत्रज्ञानच होतं.

म्हणून माझं म्हणणं दोन गोष्टींपुरतं आहे. विद्यापीठांनी एम.लिब.च्या विद्यार्थ्यांना प्रकल्प म्हणून एकेक गावचं वाचनालय द्यावं. त्यांना अनुभव मिळेल, गावाला यादी मिळेल. आणि ग्रंथपालाचा पगार अनुदानातून वेगळा काढून सरकारनं किमान वेतनाप्रमाणे द्यावा. तोवर ग्रामपंचायतींनी थोडा हातभार लावावा. कमानीला आणि फ्लेक्सला पैसा निघतो, मग याला का निघू नये?

तुमच्या गावच्या वाचनालयात यादी कशी ठेवलीय, ते उघडतं किती वाजता, आणि सांभाळणाऱ्याला महिन्याला काय मिळतं, हे खाली लिहा. तालुक्याचं चित्र आपणच मांडू.