विश्लेषण : वाशिमच्या विद्यार्थ्याला सर्जन व्हायचे असेल तर गुण हवेत की शिफारसपत्र?

वाशिमचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय २०२४-२५ मध्ये १०० जागांसह सुरू झाले. ९ ऑक्टोबर २०२४ रोजी पंतप्रधानांनी राज्यातील ज्या दहा नव्या महाविद्यालयांचे उद्घाटन केले, त्यांत हे एक. साडेचार वर्षे अभ्यास आणि एक वर्ष आंतरवासिता धरली, तर पहिली तुकडी २०३०च्या सुमारास बाहेर पडेल. त्यातल्या कोणाला सर्जन व्हायचे असेल, तर भारतात गुण पुरतात. अमेरिकेत मात्र कोणा सर्जनने त्याच्याविषयी लिहून द्यावे लागते. त्याची तयारी पदवी मिळण्याआधीच करावी लागते.

भारतात जागा कशी मिळते?

‘नीट-पीजी’ ही २०० प्रश्नांची एकच परीक्षा. तिच्यातील क्रमांकावर समुपदेशन फेरीत एम.एस. जनरल सर्जरीची जागा मिळते. मुलाखत नाही, शिफारसपत्र नाही. विद्यार्थ्याचा हात टाके घालताना स्थिर आहे का, रात्रपाळीत तो न बोलावता रुग्णाकडे जातो का, हे कोणी विचारत नाही. पण रिसोडच्या शेतकऱ्याच्या मुलीला कोणाची ओळखही काढावी लागत नाही.

अमेरिकेत वेगळे काय?

तिथे जनरल सर्जरीचे प्रशिक्षण पाच वर्षांचे असते. ‘यूएसएमएलई’च्या पहिल्या टप्प्यात २६ जानेवारी २०२२ पासून गुणांऐवजी फक्त उत्तीर्ण-अनुत्तीर्ण असा निकाल लागतो. त्यामुळे दुसऱ्या टप्प्याचे गुण, प्रत्यक्ष कामाचा अनुभव आणि पत्रे यांचे वजन वाढले. एका प्रशिक्षण केंद्राला जास्तीत जास्त चार पत्रे पाठवता येतात. तिथले विद्यार्थी शेवटच्या वर्षी दुसऱ्या रुग्णालयाच्या सर्जरी विभागात साधारण महिनाभर काम करतात. याला ‘व्हिजिटिंग रोटेशन’ म्हणतात. प्रत्यक्षात ती महिनाभराची मुलाखतच असते.

नियोजन कधीपासून?

रुग्णाला हात लावून काम करण्याची संधी प्रामुख्याने विद्यार्थ्यांना मिळते. पदवीनंतर बहुतेक ठिकाणी केवळ निरीक्षक म्हणून उभे राहता येते. ज्याने तुम्हाला फक्त उभे पाहिले, तो पत्रात लिहिणार काय? म्हणून रोटेशन एमबीबीएसच्या अखेरच्या टप्प्यातच बसवावे लागते. व्हिसा, लसीकरणाच्या नोंदी, विमा आणि महाविद्यालयाचे परवानगीपत्र यांत महिने जातात. आपल्या अभ्यासक्रमात इलेक्टिव्हसाठी वेळ राखलेला आहे. त्यात बाहेर जाता येईल का, हे महाविद्यालयाला वर्षभर आधी विचारलेले बरे. निवडीसाठीचे अर्ज सप्टेंबरमध्ये जातात आणि निकाल मार्चमध्ये लागतो. त्यामुळे पत्रे ऑगस्टपर्यंत हाती आलेली बरी.

पत्र कोणाकडून घ्यावे?

मोठ्या नावापेक्षा ज्याने तुमचे काम पाहिले, त्याच्याकडून. रोटेशनच्या शेवटच्या आठवड्यात समक्ष विचारावे : ‘तुम्ही माझ्याविषयी ठामपणे लिहू शकाल का?’ उत्तर देताना समोरचा अडखळला, तर दुसरे नाव शोधावे. कोणत्या रुग्णांसाठी काय काम केले, याचे टिपण सोबत द्यावे. पत्र लिहिणारा ते परस्पर पाठवतो, आणि ते वाचण्याचा हक्क उमेदवाराने सोडून देण्याची रीत आहे. एक पत्र आपल्याच विभागप्रमुखांचे असावे; तुम्हाला सर्वांत जास्त काळ त्यांनीच पाहिलेले असते.

नव्या महाविद्यालयाची अडचण कोणती?

अनेक अमेरिकी रुग्णालये आधीपासून करार असलेल्या महाविद्यालयांच्याच विद्यार्थ्यांना घेतात. वाशिममधून अजून एकही तुकडी बाहेर पडलेली नाही. परदेशात गेलेला, मार्ग सांगणारा माजी विद्यार्थी मिळायला वेळ लागेल. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाला २०२३ मध्ये वैद्यकीय शिक्षणाच्या जागतिक महासंघाची दहा वर्षांसाठी मान्यता मिळाली. पण कागदाची मान्यता आणि माणसांची ओळख या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. शिवाय प्रवास, निवास आणि शुल्काचा खर्च कुटुंबावर. म्हणजे पत्रातून कौशल्य दिसते, तशी ऐपतही दिसते.

मग भारतात रोटेशन नाहीच?

आहे, पण प्रवेश मिळाल्यानंतर. २०२० मध्ये आलेल्या नियमानुसार पदव्युत्तर विद्यार्थ्याला तीन महिने जिल्हा पातळीवरील सरकारी रुग्णालयात काम करावे लागते. ते समाधानकारक पूर्ण केल्याशिवाय अंतिम परीक्षेला बसता येत नाही. तिथला सर्जन या निवासी डॉक्टरला जवळून पाहतो. मात्र त्याचे मत पुढच्या कोणत्याही प्रवेशात मोजले जात नाही.

परतण्याचे काय?

जे-१ व्हिसावर प्रशिक्षण घेणाऱ्या डॉक्टरने नंतर दोन वर्षे मायदेशी राहावे, अशी अट असते. अमेरिकेतील डॉक्टरांची टंचाई असलेल्या भागात तीन वर्षे सेवा दिल्यास तिच्यातून सूट मिळू शकते. वाशिमचे नाव २०१८ मध्ये केंद्राच्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत आले, आणि त्या यादीच्या निकषांत आरोग्यही होते. टंचाई भरून काढणाऱ्यासाठी अमेरिकेने व्हिसाची अट सैल केली. मानोरा किंवा मालेगावात राहून शस्त्रक्रिया करणाऱ्यासाठी आपण काय सैल करणार, हे पहिली तुकडी बाहेर पडण्याआधी ठरायला हवे.