निवडणुकीच्या जाहिराती आणि वाहिन्यांचे कर्तव्य

शाळेच्या वार्षिकात निवडणुकीचा विषय कशास, असा प्रश्न एखादा सुज्ञ पालक विचारील. त्याचे उत्तर सरळ आहे. 1989 साली घटनेच्या 61 व्या दुरुस्तीने मतदानाचे वय 21 वरून 18 वर आले. म्हणजे आज दहावीच्या वर्गात बसणारा विद्यार्थी दोनतीन वर्षांतच मतदार होणार. मत बनविण्याची त्याची शाळा मात्र आतापासूनच सुरू आहे, व ती बहुतांशी घरातील पडद्यासमोर भरते. आपले पिरंगुट लोकसभेकरिता बारामती व विधानसभेकरिता भोर मतदारसंघात मोडते. 2024 साली 7 मे व 20 नोव्हेंबर या दोन दिवशी येथे मतदान झाले. त्या दिवसांत, पाठ्यपुस्तकातील कवितेच्या आधी पक्षांच्या घोषणा मुखोद्गत झालेली मुले आम्ही वर्गात पाहिली आहेत.

जाहिरातीतील मजकुरास ती देणारा पक्ष जबाबदार, हे सर्वांस मान्य आहे. परंतु पैसे घेऊन ती घरोघर पोचविणाऱ्या वाहिनीचे काय? “आम्ही केवळ वाहक, माल दुसऱ्याचा,” असे उत्तर पुष्कळदा ऐकू येते. हे उत्तर न्यायाचे नाही, असे आमचे मत आहे.

प्रथम कागदाचा कायदा पाहा. 1951 च्या लोकप्रतिनिधित्व अधिनियमाचे 127 अ हे कलम सांगते की, निवडणुकीच्या प्रत्येक हस्तपत्रकावर व भित्तिपत्रकावर मुद्रक आणि प्रकाशक यांचे नाव व पत्ता छापलाच पाहिजे. इतकेच नव्हे, तर मुद्रकाने प्रकाशकाची सही असलेले निवेदन घ्यावयाचे आणि छापलेल्या पत्रकाच्या प्रतीसह ते अधिकाऱ्याकडे पाठवावयाचे. हा नियम मोडल्यास सहा महिन्यांपर्यंत कारावास, दोन हजार रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही. म्हणजे लहानशा छापखान्याचा मालकही कायद्याच्या दृष्टीने नुसता वाहक नव्हे. मग ज्याचा आवाज एका क्षणी हजारो घरांत जातो, तो कसा असेल?

पडद्याविषयीही नियम आहेत. केबल दूरचित्रवाणीच्या 1994 च्या नियमांनी राजकीय व धार्मिक हेतूच्या जाहिरातींस बंदी केली होती. पुढे हा वाद न्यायालयात गेला, आणि सर्वोच्च न्यायालयाने 13 एप्रिल 2004 रोजी आदेश दिला की, राजकीय जाहिरात दाखविण्यापूर्वी ती तपासून प्रमाणित करून घ्यावी. त्यासाठी जिल्ह्यात व राज्यात समित्या असतात. नोंदणीकृत पक्षाने व उमेदवाराने निदान तीन दिवस आधी, इतरांनी सात दिवस आधी अर्ज करावयाचा. गावोगावच्या केबलवाल्यांच्या स्थानिक वाहिन्याही ह्या आदेशातून सुटलेल्या नाहीत.

तर मग प्रमाणपत्र मिळाले की वाहिनीचे कर्तव्य संपले काय? मुळीच नाही. जाहिरातीत कोणाच्या धर्मावर वा खाजगी आयुष्यावर हल्ला आहे काय, चिथावणी आहे काय, हे समिती पाहू शकते. परंतु थोड्या अवधीत प्रत्येक आकड्याची शहानिशा ती कशी करणार? शिवाय जे जाहिरात म्हणून येतच नाही, ते समितीपुढे जाणार तरी कसे?

खरा धोका येथेच आहे, व तो एकाच पक्षाकडून आहे असेही नाही. 2009 च्या विधानसभा निवडणुकीच्या सुमारास तत्कालीन मुख्यमंत्री अशोक चव्हाण यांच्या स्तुतीचा सारखाच मजकूर निरनिराळ्या मराठी वृत्तपत्रांत बातमी म्हणून आल्याचे पत्रकार पी. साईनाथ यांनी उघडकीस आणले. त्यासंबंधीची निवडणूक आयोगाची नोटीस 2014 साली दिल्ली उच्च न्यायालयाने रद्द केली. तथापि पैसे देऊन छापविलेल्या बातमीचा प्रश्न देशभर चर्चिला गेला, आणि 2010 साली भारतीय वृत्तपत्र परिषदेस त्यावर अहवाल तयार करावा लागला. 2019 च्या लोकसभा निवडणुकीत ‘भाबीजी घर पर हैं’ व ‘तुझसे है राबता’ ह्या मालिकांत पात्रांच्या तोंडी केंद्र सरकारच्या योजनांची स्तुती आली, म्हणून तक्रार होऊन नोटिसा निघाल्या. उघड जाहिरातीपुढे मनुष्य सावध असतो. गोष्ट पाहत असता मात्र त्याच्या मनाचे दार उघडे असते. आणि त्याच दारातून प्रचार आत येतो.

यावर कोणी म्हणेल, सत्यासत्याचा निवाडा वाहिनीकडे दिल्यास ती आवडत्या पक्षास झुकते माप देईल. हा आक्षेप वजनदार आहे. अमेरिकेत 1934 च्या कायद्यान्वये उमेदवाराच्या स्वतःच्या जाहिरातीत वाहिनीस काटछाट करता येत नाही. पण इतर संघटनांच्या जाहिराती नाकारण्याची तिला मुभा आहे, व अशा जाहिराती कोणी व किती पैशांत दिल्या याची नोंद जनतेस पाहण्यास खुली ठेवावी लागते. ब्रिटनमध्ये दूरचित्रवाणीवर पैसे देऊन राजकीय जाहिरात करताच येत नाही. पक्षांना विनामूल्य वेळ मिळतो. आपल्याकडेही 1998 पासून दूरदर्शनवर मान्यताप्राप्त पक्षांस असा वेळ दिला जातो.

म्हणून वाहिनीने न्यायाधीश व्हावे, असे आमचे म्हणणे नाही. तिने प्रामाणिक दुकानदार व्हावे, एवढेच पुरे. जाहिरात चालू असेपर्यंत पैसे देणाऱ्याचे नाव वाचता येईल अशा अक्षरांत दाखवावे. सर्व पक्षांस एकच दर लावावा व त्याची वही कोणासही पाहू द्यावी. बातमी व मालिका यांत विकत घेतलेला शब्द मिसळू नये. एखादे विधान धडधडीत खोटे असल्याचे कागदोपत्री दाखविले गेल्यास ते थांबवावे व प्रतिपक्षास तितकाच वेळ द्यावा. दुधात पाणी घालणारा गवळी “भांडे माझे, पाणी विहिरीचे” असे म्हणून सुटत नाही. गावच्या केबलवाल्यास तर हे अधिकच लागू आहे. कारण लोक त्यास ओळखतात, आणि ओळखीच्या माणसाच्या शब्दावर अधिक विसंबतात.

पालकांस विनंती एवढीच की, पुढील निवडणुकीत जाहिरात लागली असता पडदा बंद करू नये. मुलांस जवळ बसवून तीन प्रश्न विचारावेत: हे कोण सांगतो आहे? त्यासाठी पैसे कोणी दिले? सांगितलेले खरे आहे, हे कसे पडताळावे? आणि दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर पडद्यावर मिळाले नाही, तर विद्यार्थ्यांनी पालकांच्या साहाय्याने वाहिनीस पत्र लिहून ते मागावे. आपल्या घरात काय आणले जाते हे विचारण्याचा अधिकार प्रत्येक घरास आहे. आणि विचारणारी घरे वाढली, म्हणजे वाहिन्यांसही उत्तर देणे भाग पडेल.