शुल्काच्या आडोशाला

परदेशी साखरेवर आपण शंभर टक्के आयात शुल्क लावतो. फेब्रुवारी २०१८ मध्ये ते पन्नासवरून शंभरावर गेले आणि त्यासाठी कारखानदारांच्या संघटनांनी जोर लावला होता. पाकिस्तानची स्वस्त साखर शिरेल, ही तेव्हाची भीती. २०२५ मध्ये अमेरिकेशी व्यापाराची बोलणी चालू असताना ‘इस्मा’ने, म्हणजे इंडियन शुगर अँड बायो-एनर्जी मॅन्युफॅक्चरर्स असोसिएशनने, इंधनाच्या इथेनॉलवरचे आयातनिर्बंध उठवू नका असे सरकारला सांगितले. दोन्ही वेळा कारण एकच दिले गेले: ऊस उत्पादक शेतकरी.

ही मागणी खोटी नाही. घोड आणि कुकडीच्या पाटाचे पाणी जिथे पोचले तिथे श्रीगोंदा तालुक्यात ऊस उभा राहिला. काष्टीतला शनिवारचा जनावरांचा बाजार, कापडदुकाने, सोसायटीची वसुली, सगळ्यांचे डोळे कारखान्याच्या पहिल्या उचलीकडे असतात. ब्राझीलची साखर उद्या मोकळी आत आली तर इथला ऊस टिकणार नाही. म्हणून शुल्क असावे, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. धोका आहे तो बिनशर्त शुल्काचा, आणि नगर जिल्ह्याने तो एकदा पुरता भोगला आहे.

१९३२ मध्ये साखर उद्योगाला कायद्याने संरक्षण मिळाले. त्याआधी आपण जावाची साखर खात होतो. तीसेक कारखान्यांचे चार-पाच वर्षांत सव्वाशेच्या वर झाले. हरेगावला बेलापूर कंपनी आधीपासून होतीच; टिळकनगर, वालचंदनगर, माळीनगर ही नावे याच काळात पुढे आली. पण जमीन कोणाची होती? गोदावरी-प्रवरेच्या पाटाखालच्या शेतकऱ्यांनी ती दीर्घ मुदतीच्या खंडाने कंपन्यांना दिली. पुढे कमाल जमीनधारणा कायद्यात ती सरकारकडे गेली, १९६३ मध्ये शेती महामंडळाकडे आली, आणि मूळ मालकांच्या घराण्यांना ‘खंडकरी’ हे नाव चिकटले. त्यांना जमिनी परत मिळायला सुरुवात झाली २०१२ साली. संरक्षण देशी उद्योगाला होते. जमिनीचा धनी त्यात कुठेच नव्हता.

त्या काळच्या सरकारला हे अगदीच कळले नव्हते असे नाही. १९३४ च्या कायद्याने प्रांतांना उसाचा किमान भाव ठरवण्याचा अधिकार दिला. संरक्षणाला मुदत होती, टॅरिफ बोर्डापुढे हिशेब मांडावा लागे. तरीही १९३७ मध्ये कारखानदारांनी शुगर सिंडिकेट काढले, संयुक्त प्रांत (आजचा उत्तर प्रदेश) आणि बिहारने त्याचे सभासदत्व सक्तीचे केले, आणि साखरेचा भाव इतका वर धरला गेला की १९४० मध्ये सिंडिकेटची मान्यता काढून घ्यावी लागली. मार्च १९५० मध्ये संरक्षण संपले. परकीय चलनाच्या टंचाईमुळे आयात त्यानंतरही बांधलेलीच राहिली, हे खरे. पण त्याच वर्षाच्या हंगामात लोणीला प्रवरेचा सहकारी कारखाना पहिल्यांदा गाळपाला लागला. तो उभारणाऱ्या विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी दिलेले उत्तर शुल्काच्या दरात नव्हते, मालकीत होते.

आज टॅरिफ बोर्डासारखा हिशेब मागणारा कोणी नाही. रंगराजन समितीने २०१२ मध्ये शुल्क पाच ते दहा टक्के पुरेसे मानले होते. आपण शंभरावर आहोत आणि त्याबदल्यात कारखान्याने काय द्यायचे, हे कुठेच लिहिलेले नाही. २०२५-२६ साठी एफआरपी, म्हणजे उसाचा रास्त आणि किफायतशीर भाव, क्विंटलला ३५५ रुपये, तीही १०.२५ टक्के रिकव्हरीला. त्यातून तोडणी-वाहतूक वजा होते. चौदा दिवसांत पैसे, नाहीतर पंधरा टक्के व्याज, हे १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशात आहे. ते व्याज हातात पडलेला शेतकरी शोधावा लागेल. फेब्रुवारीत उसाला तुरा आलेला, तोडणीची पाळी लांबलेली, टोळी येत नाही, वजन रोज घटते आहे, आणि मुकादम ‘एंट्री’चे जादा पैसे मागतो आहे. त्या बांधावर शंभर टक्के शुल्काचा उपयोग काय? शिवाय दोन कारखान्यांमधले पंचवीस किलोमीटरचे हवाई अंतर महाराष्ट्राने ठेवले आहेच. बाहेरची स्पर्धा शुल्काने थांबवली, आतली अंतराने. शेतकऱ्याला दुसरे दार उरते ते फार थोडे.

सगळ्यात मोठी फसगत याहून वेगळी आहे. २००८-०९ मध्ये देशातले उत्पादन कोसळले, साखर महागली आणि सरकारने शुल्क शून्यावर आणले. कच्ची साखर बंदरावर उतरली, ती शुद्ध करून विकणाऱ्यांत कारखानेही होते. एप्रिल २०१७ मध्ये पुन्हा पाच लाख टन कच्ची साखर बिनशुल्क आली. त्याआधी २०१४ आणि २०१५ अशी दोन वर्षे मराठवाडा आणि नगर दुष्काळात होते. म्हणजे साखर मुबलक असते तेव्हा शुल्क उभे असते आणि टंचाईत, चार पैसे जास्त मिळण्याची संधी येते तेव्हा, ते खाली बसते. निर्यातीचेही तसेच: जून २०२२ पासून तिच्यावर बंधने आली. ग्राहकाला साखर परवडली पाहिजे, हे मान्य. पण एका अधिसूचनेने जाणारी गोष्ट आपल्या संसाराचा आधार आहे, असे शेतकऱ्याला सांगणे बरोबर नाही.

श्रीगोंदा अवर्षणप्रवण तालुका. २०१८-१९ च्या दुष्काळात जिल्ह्यात छावण्या उघडल्या आणि ऊस गव्हाणीऐवजी चाऱ्याला गेला. कालव्याचे आवर्तन चुकले की काष्टीच्या शिवारात काय होते, ते कोणत्याही आयात शुल्काने बदलत नाही. तरीही शुल्क मागणाऱ्या निवेदनांत ठिबकाला, पाण्याच्या शिस्तीला, खोडव्याच्या उत्पादनाला जागा क्वचितच मिळते.

म्हणून शुल्क राहावे, पण ते ठरावीक मुदतीचे असावे आणि दर वेळी मुदत वाढवण्यापूर्वी प्रत्येक कारखान्याची थकबाकी, दिलेले व्याज आणि तोडणीखर्चाचा हिशेब जाहीर व्हावा. ज्याने चौदा दिवस पाळले नाहीत, त्याला निर्यातीच्या कोट्यात आणि इथेनॉलच्या खरेदीत हिस्सा नसावा. शुल्क उतरवायचे ठरले, तर त्या हंगामाच्या एफआरपीला हात लागणार नाही याची हमी त्याच अधिसूचनेत हवी. आणि हे कारखानदारांच्या संघटना मागणार नाहीत. सहकारी कारखान्याच्या सभासदाने येत्या वार्षिक सभेत आपल्या संचालकांना विचारायला हवे, की दिल्लीला गेलेल्या निवेदनात यातले काय काय होते.