फी माफ नको, फीच नको



उन्हाळ्याची सुटी लागली की आपल्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर पत्रकांचा पाऊस सुरू होतो. समर कॅम्प, हस्ताक्षर वर्ग, स्विमिंग, व्यक्तिमत्त्व विकास. बाजारातल्यांनी बाजार मांडावा, त्याबद्दल माझी तक्रार नाही. माझी तक्रार आपल्या घरच्यांशी आहे. हल्ली बऱ्याच गावी मुलांच्या धार्मिक संस्कार शिबिराच्या पत्रकावरही खाली फीचा आकडा असतो आणि त्याखाली बारीक अक्षरांत एक ओळ असते: ज्यांना शक्य नाही त्यांनी कार्यकर्त्यांना भेटावे, फी माफ केली जाईल.

ही ओळ लिहिणाऱ्याचा हेतू चांगला असेल. पण परिणाम काय होतो ते बघा. आमच्या ओळखीतल्या एका घरी तीन मुले. वडील दुसऱ्याच्या कापड दुकानात कामाला. शिबिराचे दहा दिवस ती मुले घरातच होती आणि आई शेजारणींना सांगत होती, मुले मामाकडे गेलीत. दार लावून, टीव्हीचा आवाज बारीक करून तिने ते दिवस काढले. माफी मागायला ती गेली नाही, आणि का जावे? आपलीच पाठशाळा, आपलेच मंदिर, आणि मुलांना णमोकार मंत्राचा अर्थ कळावा म्हणून आईने कुणापुढे तरी आपली गरिबी मांडायची?

जैन म्हणजे पैसेवाले, असे बाहेरचे लोक म्हणतात. दुःख याचे, की आपणही तेच मानायला लागलो आहोत. आपल्या जिल्ह्यात कोरडवाहू शेतीवरचे जैन आहेत, मुनीमजी आहेत, आडतीवर हमालीचा हिशोब लिहिणारे आहेत, शिवणकाम करून घर चालवणाऱ्या बायका आहेत. पाऊस दगा देतो तेव्हा त्यांच्याही घराला देतो.

मी कॉमर्सची पदवीधर, त्यामुळे आकड्यांशिवाय बोलत नाही. समजा ५० मुले, १० दिवस. फी ५०० रुपये. जमा झाले २५,०००. आता खर्च मांडू. रोज मुलामागे १० रुपयांचे फुटाणे-शेंगदाणे किंवा लिंबू सरबत, म्हणजे ५,०००. वही-पेन्सिल मुलामागे ४० रुपये, म्हणजे २,०००. जागा मंदिराची, शिकवणाऱ्या आपल्याच ताई-काकू, त्या मानधन घेत नाहीत. एकूण ७,०००. उरलेले १८,००० कुठे जातात? टी-शर्ट, बॅनर, स्मृतिचिन्हे, पाहुण्यांची शाल-श्रीफळे, शेवटच्या दिवशीचा मंडप. यातल्या कशाने मुलाचे ज्ञान वाढते ते मला कुणी सांगावे. आणि ज्या ७,००० ने खरे शिबिर होते, तेवढी रक्कम आपल्याकडे एखाद्या साध्या बोलीत एका मिनिटात जाहीर होते.

कुणी म्हणेल, फुकटाची किंमत राहत नाही. हे वाक्य दुकानात ठीक आहे. महाराजांच्या प्रवचनाला आपण तिकीट लावत नाही. तिथे किंमत राहत नाही का? आहार, औषध, शास्त्र आणि अभय ही आपली चार दाने. मुलांना शिकवणे हे शास्त्रदान. दान द्यायचे आणि पावतीही फाडायची, हे एकाच वहीत कसे बसवायचे? शिस्त हवी असेल तर वेळेचा नियम कडक ठेवा. सात म्हणजे सात. त्याला पैसे लागत नाहीत.

दुसरे म्हणतील, पैसेवाल्यांकडून घेऊ, गरिबांना सोडू. म्हणजे यादी होणार. यादी झाली की ती कुणीतरी वाचणार, आणि मुले मोठ्यांपेक्षा लवकर वाचतात. ज्याला द्यायचे आहे त्याने मंदिराच्या पेटीत गुप्तदान टाकावे. मुलांच्या दारात सगळी मुले सारखी असावीत.

मोफत म्हणजे हलके, ही समजूत तर मुळातूनच खोटी आहे. महावीराचार्य हे आपले जैन गणिती. नवव्या शतकात राष्ट्रकूट राजा अमोघवर्षाच्या काळात त्यांनी गणितसारसंग्रह लिहिला. त्यात गुणाकाराची अशी उदाहरणे आहेत की उत्तर गळ्यातल्या माळेसारखे दिसते. मुलांना १५२२०७ गुणिले ७३ करायला सांगा. उत्तर ११११११११ येते. मग १३९ गुणिले १०९ करू द्या, १५१५१ येतील, दोन्हीकडून वाचले तरी तेच. पाटी आणि खडू एवढेच साहित्य. जोडीला घरखर्चाचा रोजमेळ मुलांकडून लिहून घ्या. भाजी, दूध, रॉकेलपासून रिचार्जपर्यंत. महिना संपला की मूल आपणहून विचारते, रिचार्जला इतके का गेले? परिग्रह परिमाण हे अणुव्रत पाठ करून जितके कळत नाही तितके त्या वहीतून कळते.

सुटीतच ज्येष्ठ शुद्ध पंचमी येते, किंवा सुटीच्या आगेमागे. ती आपली श्रुतपंचमी. पुष्पदंत आणि भूतबली आचार्यांनी षट्खंडागम पूर्ण केले तो दिवस. मंदिरातल्या कपाटातली शास्त्रे बाहेर काढून झटकणे, जुन्या सुती साडीची वेष्टने शिवणे, ग्रंथांची यादी करणे, ही कामे मुलांच्या हाती द्या. सुई धरायला मुलगेही शिकू देत.

आणि फिरायला दूर कशाला जायचे? धाराशिव शहरापासून आठेक किलोमीटरवर लेणी आहेत, त्यात पार्श्वनाथांची मूर्ती आहे. करकंड राजाची कथा कनकामर मुनींनी अपभ्रंश भाषेत लिहिली, तिच्यात तेरापूरच्या लेण्यांचे वर्णन येते. ते तेरापूर म्हणजे आपले तेर. पेरिप्लस नावाच्या जुन्या ग्रीक प्रवासग्रंथात त्याच तगर गावाहून साधे कापड आणि मलमल गाड्यांतून भडोचला जात असल्याचे लिहिले आहे. व्यापाऱ्यांच्या मुलांना याहून जवळचा इतिहास कोणता? तेरला लामतुरे वस्तुसंग्रहालय आहे, महावीरांचे मंदिर आहे. कुंथलगिरी तर सिद्धक्षेत्र. कुलभूषण-देशभूषण मुनी तिथून मोक्षाला गेले, आणि १८ सप्टेंबर १९५५ ला आचार्य शांतिसागर महाराजांची समाधी तिथेच झाली. किती मुलांनी हे पाहिले आहे? ज्यांनी इमॅजिका पाहिले त्यांतल्या किती जणांनी?

प्रवासाचा हिशोबही करून ठेवते. १७ मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धे तिकीट आहे. पाच ते बारा वर्षांच्या मुलांनाही अर्धे. पंच्याहत्तरी ओलांडलेल्यांना प्रवास मोफत. म्हणजे सून, दोन लहान मुले आणि सासूबाई निघाल्या तर चौघांचा प्रवास दीड तिकिटात. जेवणाचा डबा आणि गाळलेले पाणी घरचे. सकाळी पहिल्या गाडीने जावे, ऊन तापायच्या आत परतावे.

ऊन हाच आपल्याकडचा खरा प्रश्न आहे. पत्र्याच्या खोलीत राहणाऱ्या मुलाला दुपारी बारा ते चार सुटी म्हणजे शिक्षा असते. मंदिराच्या सभागृहात पंखे आहेत, फरशी गार आहे, आणि लग्न नसेल त्या दिवशी कुलूप आहे. ते कुलूप मे महिन्यात दुपारी उघडावे. दोन बायकांनी आळीपाळीने बसावे. मुले वाचतील, सापशिडी खेळतील, झोपली तर झोपतील. विजेचे बिल वाढेल, वाढू द्या.

संध्याकाळ तर आपल्याला आयतीच मिळाली आहे. सूर्यास्तापूर्वी जेवण झालेले असते, म्हणजे आठ वाजता आपल्या मुलांचा वेळ मोकळा. गच्चीवर पाणी शिंपडा, सतरंजी टाका, आजीला गोष्ट सांगू द्या.

आता मागणे स्पष्ट करते. महिला मंडळाच्या पुढच्या बैठकीत चार गोष्टी मांडा. शिबिराला फी नसावी. टी-शर्ट नसावा, धुतलेले कोणतेही कपडे चालतील. सभागृह दुपारी उघडे असावे. आणि चौथी गोष्ट पंचांकडे मागायची नाही, ती आपल्या हातात आहे: ज्यांची परिस्थिती चांगली आहे त्यांनी आपली मुले आधी पाठवावीत. ट्रस्टींची नातवंडे पहिल्या रांगेत बसली नाहीत, तर मोफत शिबिर दोन दिवसांत गरिबांचे शिबिर म्हणून ओळखले जाईल आणि ती आई पुन्हा दार लावून घेईल.

बैठकीत कुणी विचारले की पैसा कुठून आणायचा, तर वरचा हिशोब वाचून दाखवा. सात हजार रुपये. त्यावर कुणाचा आक्षेप असेल तर त्यांनी आपला हिशोब मांडावा, मी वही घेऊन बसायला तयार आहे.

जय जिनेंद्र.