विश्लेषण : दीडशे वर्षांचे अंबाझरी धरण किती भक्कम?

नागपूरकरांसाठी अंबाझरी म्हणजे सकाळचा फेरफटका, उद्यान, रविवारची गर्दी आणि मेट्रोच्या खिडकीतून दिसणारे पाणी. पण ज्या वाटेवर आपण चालतो ती साधी पायवाट नाही. तो एका मातीच्या धरणाचा माथा आहे. पावसाळा आला की सप्टेंबर 2023 ची आठवण निघते आणि 'हे धरण टिकेल का' हा प्रश्नही.

मुळात हे धरण कशासाठी?

1870 च्या सुमारास शहराला पिण्याचे पाणी मिळावे म्हणून हा तलाव बांधला गेला. पुढे इतर स्रोत आले, वाडी-हिंगणा भागातील सांडपाण्याने पाणी बिघडले आणि तलाव पाणीपुरवठ्यातून बाद झाला. उरले ते पर्यटन. इथेच खरी अडचण सुरू होते. पाणी पिणारे शहर धरणाकडे रोज लक्ष देते, फिरायला येणारे शहर बाक आणि दिवे मागते. तलाव महापालिकेच्या ताब्यात आहे, तांत्रिक सल्ला मात्र पाटबंधारे खात्याचा घ्यावा लागतो. दोन कार्यालयांतल्या पत्रव्यवहाराचा वेग वाचकांना वेगळा सांगायला नको.

2023 मध्ये नेमके काय झाले?

22 सप्टेंबरच्या रात्री आणि 23 च्या पहाटे काही तासांत 100 मिलीमीटरहून अधिक पाऊस झाला. तलाव भरून सांडव्यावरून वाहू लागला. अंबाझरी ले-आऊट, डागा ले-आऊट, कॉर्पोरेशन कॉलनी, शंकरनगरपासून सीताबर्डीच्या मोरभवन बसस्थानकापर्यंत पाणी शिरले. जीवितहानी झाली, हजारो घरांतले सामान गेले.

त्या सकाळी 'धरण फुटले' आणि 'पाणी सोडले' असे दोन्ही संदेश मोबाइलवर फिरत होते. दोन्ही चूक. भिंत टिकली. आणि सांडव्याला दरवाजे नसल्याने पाणी 'सोडणारा' कोणी नव्हता. पातळी सांडव्याच्या वर गेली की पाणी आपोआप बाहेर पडते, त्याची रचनाच तशी आहे. बिघडले ते पुढे. बाहेर पडलेल्या पाण्याला नाग नदीचे पात्र पुरले नाही. सांडव्यासमोरच उभारलेले स्वामी विवेकानंद स्मारक, रस्त्यावरचा पूल, काठावरची बांधकामे यांनी वाट अरुंद केली, असा रहिवाशांचा आक्षेप आहे. प्रकरण उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात गेले ते त्यामुळेच.

सांडव्याचा आणि धरणाच्या सुरक्षेचा संबंध काय?

थेट संबंध आहे. काँक्रीटच्या भिंतीवरून थोडा वेळ पाणी गेले तरी ती उभी राहू शकते. मातीच्या भिंतीला ती मुभा नाही. माथ्यावरून वाहणारे पाणी उताराची माती खरवडते, घळ पडते, आणि मग काही तासांचा खेळ. गुजरातेत 11 ऑगस्ट 1979 रोजी मच्छू-2 धरणाचे मातीचे बांध असेच वाहून गेले आणि मोरबी शहर बुडाले. म्हणून सांडवा आणि त्यापुढची वाट मोकळी ठेवणे हे सुशोभीकरणाच्या आराखड्यात बसवायचे काम नाही, धरण वाचवायचे काम आहे. एखादे स्मारक, ते कोणाचेही असो, त्या वाटेत नको, असे आमचे स्पष्ट मत आहे.

दुसरा धोका दिसत नाही. मातीच्या धरणातून थोडे पाणी पाझरतेच. पायथ्याशी ते स्वच्छ येत असेल तर फारशी चिंता नाही. गढूळ आले तर ते आतली माती घेऊन येत आहे, म्हणजे आत पोकळी तयार होते आहे. आजच्या धरणांत माती अडवून पाणी जाऊ देणारे वाळू-खडीचे गाळणथर असतात. दीडशे वर्षांपूर्वीच्या बांधात ते गृहीत धरता येत नाहीत.

मग बंधाऱ्यावरच्या झाडांचे काय?

हा मुद्दा भावनिक आहे. अभियांत्रिकीच्या वर्गात 'मातीच्या धरणावर झाड नको' हे एका ओळीत शिकवतात. अंबाझरीच्या सावलीत चालल्यावर ती ओळ लिहिणे जड जाते. तरी ती खरी आहे. मुळे खोल जातात, झाड मेले की मुळे कुजतात आणि पाण्याला आयती नळी मिळते. वादळात मोठे झाड उन्मळले तर उताराचा तुकडाच सोबत जातो. पण करवत लावून मोकळे होणेही तितकेच धोक्याचे, कारण बुंधा गेला तरी मुळे आतच राहतात. मोठी झाडे टप्प्याटप्प्याने, कोरड्या दिवसांत, मुळांसकट काढून ती जागा मातीने थर देत दाबून भरावी लागते. बदली झाडे पायथ्यापासून दूर लावायची. हे खर्चिक आहे आणि उद्घाटनाची फीत कापण्याजोगे नाही.

वय हाच दोष आहे का?

नाही. रत्नागिरी जिल्ह्यातले तिवरे धरण 2 जुलै 2019 च्या रात्री फुटले आणि भेंदवाडी वाहून गेली, तेव्हा त्याला वीस वर्षेही झाली नव्हती. गळतीची तक्रार गावकऱ्यांनी आधीच केली होती. फुटल्यावर दोष खेकड्यांवर ढकलला गेला, हे महाराष्ट्र विसरलेला नाही.

कायदा काय सांगतो?

धरण सुरक्षा कायदा 2021 हा 30 डिसेंबर 2021 पासून लागू आहे. 15 मीटरपेक्षा उंच धरणे आणि ठरावीक अटी पूर्ण करणारी 10 ते 15 मीटरची धरणे त्यात येतात. मालकाने पावसाळ्याआधी आणि नंतर तपासणी करायची, आपत्कालीन कृती आराखडा तयार ठेवायचा आणि पाच वर्षांत सर्वंकष मूल्यमापन करून घ्यायचे. ती मुदत 30 डिसेंबर 2026 ला संपते. धरण उंचीच्या व्याख्येत बसो वा न बसो, ज्याच्या पायथ्यापासून बर्डीपर्यंत सलग वस्ती आहे त्याला हीच फूटपट्टी लावायला हवी.

महापालिकेने यासाठी नवी समिती नेमण्याची गरज नाही. दरवर्षी जूनआधी पाहणीचा अहवाल संकेतस्थळावर टाकावा : पाझर कुठे, किती, गढूळ की स्वच्छ, माथा कुठे खचला, सांडव्यापुढे काय अडथळा आहे. आणि पातळी कितीवर गेली की डागा ले-आऊटमधल्या तळमजल्यावरच्या माणसाला रात्री किती वाजता, कोण फोन करणार, हेही त्यात लिहावे.